पूरक सुविधा

मसुदेकरांचं खरं आडनाव वेगळंच होतं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता म्हणून चिकटल्यावर काही वर्षांतच ते झिजून गेलं आणि त्याच्या जागी हे आलं. कारण मसुदा करावा तो त्यांनीच. खऱ्या आडनावाला आता फक्त पगारपत्रकात जागा होती. चिडली की बायकोसुद्धा "अहो मसुदेकर" अशीच हाक मारायची.

मसुद्यातली त्यांची कला एकाच गोष्टीत होती. जे हवं ते मागायचं नाही. शहराला मदत करणाऱ्या दोन परदेशी कचेऱ्या होत्या. एका देशाची काचेच्या उंच इमारतीत, म्हणून ते काचवाले. दुसऱ्याची जुन्या दगडी बंगल्यात, म्हणून ते दगडवाले. देशांची नावं घ्यायची वेळ कोणावर येत नसे. दोन्ही देशांमधून विस्तव जात नव्हता, एवढं माहीत असलं की शहराचं भागत होतं.

काचवाले दर वर्षी एक विषय जाहीर करत आणि त्या विषयात बसेल त्यालाच मदत देत. एक वर्ष महिला, एक वर्ष हवामान, एक वर्ष तरुण. मसुदेकरांच्या टेबलावर मात्र सगळी वर्षं एकच काम पडून होतं. टेकडीवरच्या वरच्या आळीला पाण्याचा पाइप. खालच्या टाकीचं पाणी तिथं चढत नव्हतं. एक पंप आणि एक पाइप, एवढंच काम. नगरपालिकेकडे पैसे नव्हते, आणि जेव्हा होते तेव्हा आठवण नव्हती. म्हणून महिलांच्या वर्षी तो पाइप "महिलांच्या डोक्यावरचा भार उतरवणारा मार्ग" झाला. हवामानाच्या वर्षी "टँकरच्या धुराला पर्याय" झाला. तरुणांच्या वर्षी "तरुणांना नळदुरुस्तीत भवितव्य" झाला. पाइप तोच, अंगावरचे कपडे दर वर्षी नवे. काचवाल्यांनी तो तिन्ही वर्षी परत पाठवला. शेवटच्या खेपेला त्यांनी शेराही मारला होता, की प्रस्तावात बांधकामाकडे कल जाणवतो.

मसुदेकरांना हे मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण वरच्या आळीत त्यांची ताई राहत होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनं शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवून या भावाला इंजिनिअर केलं होतं. अजूनही अर्ध्या शहराच्या पोरांच्या चड्ड्या आणि झगे तिच्याच हातचे होते. घर दोन खोल्यांचं, एका खोलीत यंत्र, यंत्रासमोर खिडकी, खिडकीतून समोरची उघडी टेकडी. पाण्याचा टँकर रस्ता अरुंद होतो त्या वळणावर थांबे आणि तिथून पुढं ज्यानं त्यानं आपापलं पाणी वर वाहायचं. त्या चढावर एके सकाळी भरल्या घागरीसकट ताईचा पाय सटकला. घागर खाली टँकरपर्यंत गेली. ताई मध्येच थांबली, पण घोट्याचं हाड चिरलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाय बरा होईल, पण पुन्हा म्हणून वजन उचलायचं नाही.

"ताईंना इकडे घेऊन या," मसुदेकरांची बायको त्याच संध्याकाळी म्हणाली.

"अगं, पण जागा?"

"जागा करता येते. स्वभावाचं काय करायचं ते तुम्ही बघा. दोघींच्याही."

बायको प्रामाणिक होती. आजवर नणंद-भावजयींचं उत्तम जमलं होतं, कारण मध्ये टेकडी होती. दोघींनाही दुसऱ्याचं स्वयंपाकघर कसं लावावं हे चांगलं समजत होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तेव्हा सगळे तलवारींचा विचार करतात. इथं म्यान म्हणजे मसुदेकर होते.

ताईलाही यायचं नव्हतं. पाय उशीवर ठेवून तिनं भावाला सुनावलं, "तुझ्याकडे येऊन मी काय करू? माझं यंत्र कुठं ठेवशील, डोक्यावर? आणि गिऱ्हाईक काय टेकडी उतरून मला शोधत येणार आहे? मला पाणी दे. पाणीखात्यात आहेस ना? की तिथं फक्त चहापुरतं पाणी असतं?"

"ताई, या वर्षी नक्की. मसुदा करतोय."

"मसुदा कसला करतोस? पाइप माग. सरळ बोलायला काय होतं रे तुला? लहानपणापासून असाच. भूक लागली की म्हणायचास, ताई, शेजारी जेवायला बसलेत वाटतं."

तेव्हा जेवण मिळत असे, हा मुद्दा मसुदेकरांच्या जिभेवर येऊन परत गेला.

"शेजारची पोरं सध्या बादली आणून देताहेत," ताई म्हणाली. "किती दिवस देतील? शाळा उघडायच्या आत पाणी आलं तर मी इथंच. नाही आलं तर यंत्र उचलते आणि तुझ्याकडे येते. एकदा आले की परत जायची नाही, सांगून ठेवते. या वयात दोनदा घर मांडणार नाही मी."

त्या वर्षी काचवाल्यांचा विषय निघाला संवाद. तो सांगायला त्यांच्या समन्वयक मॅडम नगराध्यक्षांच्या खोलीत आल्या. मॅडम इथल्याच, पण काचेत राहून त्यांच्या बोलण्याला एक गारवा आला होता.

"साहेब, या वर्षी संवाद आहे," त्या म्हणाल्या.

"कोणाशी?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"सगळ्यांशी."

"म्हणजे निवडणुकीसारखं."

"तसंच. फक्त यात ऐकायचंही असतं."

अध्यक्षसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी विषय मसुदेकरांकडे ढकलला. अवघड फाइल आणि लांबचे पाहुणे ते नेहमी त्यांच्याकडेच ढकलत.

मसुदेकरांनी या खेपेला जीव ओतला. माणसं पाण्यापाशी जमतात, जमली की बोलतात, आणि बोलली की समाज घडतो, असं त्यांनी लिहिलं. तेव्हा वरच्या आळीच्या तोंडाशी एक "संवादवर्तुळ" असावं. गोलाकार मांडलेले बाक, वर सावलीला छत, खाली फरशी. गेल्या वेळचा शेरा लक्षात ठेवून त्यांनी पंप आणि पाइप यांची वाच्यता आधीच्या सगळ्या पानांवर टाळली. बोलून बोलून घसा कोरडा पडतो, या सत्याचा आधार घेऊन अगदी शेवटी, "पूरक सुविधा" या मथळ्याखाली, त्यांनी तो पाइप बारीक अक्षरांत घातला. प्रत्यक्षात जमिनीतही कोणी इतका खोल पाइप पुरत नाही.

मंजुरी इतक्या लवकर आली की अध्यक्षसाहेबांना संशय आला. मसुदेकर मात्र धावतच टेकडी चढले.

"आला?" ताईनं विचारलं.

"मंजूर झाला."

"म्हणजे आला नाही."

पण दुसऱ्या दिवशी तिनं गिऱ्हाइकांना गणवेशाचं कापड आणून टाकायला सांगितलं. ताईच्या लेखी हा आनंदोत्सव होता.

मग एके दुपारी ट्रक आला. तो टँकरच्या वळणावर थांबला आणि त्यातून बाक उतरू लागले. बाक फार सुरेख होते. प्रत्येकाला मऊ कागदाचं वेष्टण, कडेला रबराची किनार, पाठीवर काचवाल्यांचं चिन्ह. हमालांनी ते वर वाहून नेले. टँकरचं पाणी त्याच चढावर बायका वाहत होत्या, त्यांनी हमालांना वाट दिली. मसुदेकर ट्रकच्या मागच्या फळीवर चढून आत डोकावले.

"पाइप कुठाय?"

"माझ्याकडे बाकच आहेत साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आणि एक छत्री आहे मोठी."

मसुदेकरांनी तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पाइप आला नाही."

"कुठला पाइप?"

"पूरक सुविधांमधला."

"अच्छा, ते!" मॅडमच्या आवाजात कौतुक होतं. "पूरक सगळं छाननीत काढलं. मुख्यालयाचं म्हणणं पडलं, मूळ प्रस्तावच इतका भक्कम आहे की त्याला पूरक कशाची गरजच नाही. अभिनंदन हं. तुमचा मसुदा आता आमच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून शिकवणार आहेत."

मसुदेकरांनी आभार मानले. सवयीनं.

उद्घाटनाला काचवाल्यांचे मोठे साहेब जातीनं आले. उंच, मऊ बोलणारे, आणि बाक गुडघ्याएवढेच असल्यामुळं बसल्यावर त्यांचे गुडघे छातीपाशी येत होते. समोर आळीतल्या बायका बसवल्या होत्या. ताईला पायाच्या पट्टीसकट पहिल्या बाकावर जागा मिळाली होती. मॅडम इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करून सांगत होत्या.

"साहेब विचारताहेत, तुम्ही इथं बसून कशाबद्दल बोलता?"

"पाण्याबद्दल," ताई म्हणाली.

"आणि?"

"पाणी नाही याबद्दल."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना आणखी विचारायचं होतं. "हे वर्तुळ व्हायच्या आधी कशाबद्दल बोलायचात?"

"तेव्हाही पाण्याबद्दलच. पण उभ्यानं."

मॅडमनी हे सांगितलं. साहेबांचे डोळे पाणावले. वरच्या आळीत त्या दिवशी निघालेलं पाणी तेवढंच. "हाच तो फरक," ते हळूच म्हणाले, आणि फोटो काढला गेला. बाकावर एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला ताई, मध्ये रिकामी घागर.

पाहुणे गेल्यावर ताईनं बाकावरून हात फिरवला.

"चांगले आहेत रे," ती भावाला म्हणाली. "घागरी टेकवायला." मग जराशानं म्हणाली, "शेजारच्या दोघांना सांगून ठेव. यंत्र खाली न्यायचंय."

"ताई, शाळा उघडायला अजून अवकाश आहे."

"आहे ना. पण तुझ्या मसुद्याला अवकाश पुरत नाही."

ती चिडली असती तर मसुदेकरांना सोसलं असतं. पण तिनं गिऱ्हाइकांचं न शिवलेलं कापड घडी घालून एकेकाला परत द्यायला सुरुवात केली होती, आणि घड्या नेहमीसारख्याच नीट पडत होत्या.

शिवणयंत्र दुसऱ्या दिवशी खाली आलं आणि मसुदेकरांच्या घरातल्या बोळात बसलं. तिथून जाणाऱ्याला आता खेकड्यासारखं आडवं होऊन जावं लागे. बायको पहिल्यांदा आडवी होऊन गेली, मग परत आली.

"यंत्राची अडचण नाही हो," ती म्हणाली. "ते बोलत नाही."

त्याच आठवड्यात बाकाचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि सकाळीच दगडवाल्यांचा माणूस अध्यक्षसाहेबांच्या दारात उभा राहिला. हा आडवा, कमी बोलणारा गृहस्थ. आमची भाषा तो इथंच शिकला होता आणि कोणालाही हाक मारायला त्याच्याकडे एकच शब्द होता, त्यामुळं शहर त्यालाच "मित्र" म्हणत असे. त्यानं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं.

"मित्रा, हे काय आहे?"

"बाक," अध्यक्षसाहेब म्हणाले आणि त्यांनी मसुदेकरांना बोलावून घेतलं.

"उंची?"

"गुडघ्याएवढी," मसुदेकर म्हणाले.

"खाली शहरातून दिसतात?"

"दिसत नाहीत. फोटोत दिसतात."

मित्रानं फोटोवर बोट टेकवलं. "आमच्या देशाचं त्या टेकडीवर काही नाही," तो म्हणाला.

"मग तुमचाही एक बाक टाकू की बाजूला!" अध्यक्षसाहेब म्हणाले. दोन्ही व्याही एकाच मांडवात आले की कोणाच्या पानात आधी वाढायचं ही पंचाईत त्यांना जुनी होती. पण मित्रानं असं पाहिलं की त्यांनी बाक मागे घेतला. "नाहीतर पुतळा. तुमच्या नेत्यांचा."

"पुतळा नको. आमच्याकडे नेते बदलतात. मग दोनदा खर्च येतो."

मसुदेकरांच्या तोंडात पाइप आला होता. अगदी ओठांपाशी. तोंड उघडलंही होतं. पण त्यांना बोळातलं यंत्र आठवलं, छाननी आठवली, आणि त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीही न मागण्याचा मसुदा केला, तोही तोंडी.

"उंच पाहिजे, शहरातून दिसलं पाहिजे, नेता बदलला तरी चाललं पाहिजे," ते छताकडे पाहत म्हणाले. "तुमच्या राजधानीत कारंजी फार आहेत म्हणतात."

मित्राचे डोळे बारीक झाले. "कारंजं. रंगीत दिव्यांचं." मग त्याला शंका आली. "पण तिथं पाणी चढेल का?"

मसुदेकरांनी एक खोल सुस्कारा सोडला. "काचवाल्यांच्या मुख्यालयाचं म्हणणं आहे, त्या टेकडीला पाण्याची गरजच नाही."

पूरक म्हणजे पाणी, असं धरलं तर हे अक्षरश: खरं होतं. मित्राचा जबडा आवळला गेला.

"असं म्हणाले ते?"

"तसं कळवलंय त्यांनी."

"चढेल," मित्र म्हणाला. "मित्रा, पाणी चढेल."

मैत्रीत देणंघेणं आलंच. समोरची उघडी टेकडी दगडवाल्यांना हवामान केंद्रासाठी हवी होती. अध्यक्षसाहेबांनी कागद न वाचता सही केली. "नाहीतरी तिथं काय पिकतंय," ते म्हणाले. तांत्रिक ना-हरकत मसुदेकरांनी द्यायची होती. कोणाचं हवामान, असं विचारावं हे त्यांच्या मनात येऊन गेलं. हवामान मोजायला इतकं उंच कुंपण कशाला, हेही येऊन गेलं. पण घरात यंत्र होतं. त्यांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं.

मग काम सुरू झालं ते पाहून पाणीखात्याच्या तोंडचं पाणी पळालं. दगडवाल्यांचे कामगार कोणाशी बोलत नसत, चहाला थांबत नसत आणि खणलेलं बुजवत असत. पाहता पाहता टाकीपासून, तशीच कोरडी असलेली मधली आळी ओलांडून वरच्या आळीपर्यंत जाडजूड पाइप गेला. मधल्या आळीतली माणसं दारात उभी राहून तो जाताना बघत होती. त्यांना त्यातून थेंबही मिळणार नव्हता, कारण मधली आळी शहरातून दिसत नसे. संवादवर्तुळाच्या बरोबर मधोमध, बाकांच्या घेऱ्यात, दगडाचं मोठं कुंड उभं राहिलं. वर्तुळ काचवाल्यांचं, मध्य दगडवाल्यांचा. मॅडमनी येऊन विचारलं, आमच्या संवादात हे काय? अध्यक्षसाहेब म्हणाले, हे पूरक आहे.

एकच अडचण राहिली. कारंज्याला गाणं होतं. मैत्रीचं गाणं, दगडवाल्यांच्या भाषेत, बँडवर आणि भल्यामोठ्या कर्ण्यांतून. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. गाणं सुरू झालं की पंप सुरू होई, गाणं संपलं की पंप बंद.

"दोघांना वेगळी बटणं देता येतील," मसुदेकरांनी अभियंता या नात्यानं सुचवलं.

"मित्रा," मित्र म्हणाला, "पाणी वेगळं आणि मैत्री वेगळी, असं आमच्याकडे नसतं."

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात कारंज्याचं उद्घाटन झालं. ताई काठी टेकत बाकावर येऊन बसली होती. बटण दाबलं, कर्णे गरजले, आणि पाणी वर गेलं. खरोखरच शहरातून दिसलं. वरच्या आळीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कोणाचे हात मोकळे नव्हते. पहिलं कडवं संपायच्या आत घागरी, बादल्या, पातेली, एक लहान मुलाचा टब, सगळं कुंडाभोवती लागलं होतं. मित्र पुढं धावला. तो काही ओरडणार एवढ्यात त्याचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. गाणं चालू होतं आणि त्याच्या देशात या गाण्याला उभं राहायचा नियम होता. वरची आळी झाडून सगळी उभी होती. पाणी भरायला उभंच राहावं लागतं. मित्रानं स्वत:ला सावरलं, टाचा जुळवल्या, आणि गाणं संपेपर्यंत त्याची छाती फुगलेली होती. त्याच्या राजधानीत नंतर असं कळवलं गेलं म्हणतात, की इथली एक अख्खी वस्ती रोज दोनदा आपणहून उभी राहते. काचवाल्यांनीही त्याच दिवसाचे फोटो काढून कळवलं, की संवादातून रोज पाणी निर्माण होत आहे. दोन्ही राजधान्या समाधानी होत्या.

शिवणयंत्र परत टेकडी चढलं. त्याच्यामागून बायको दोरे आणि कात्र्यांची पिशवी घेऊन वरपर्यंत गेली. ताईचं स्वयंपाकघर कसं लावावं हे तिनं सांगितलं, ताईनं ते ऐकलं नाही, आणि दोघी अतिशय आनंदानं एकमेकींचा निरोप घेत्या झाल्या. घरी आल्यावर पुढचे दोन दिवस बायको बोळातून आडवीच चालत होती.

महिन्याभरानं मसुदेकर ताईकडे गेले तेव्हा ती यंत्रावर बसली होती आणि मैत्रीचं गाणं गुणगुणत होती.

"पाठ झालं तुला?"

"न होऊन सांगतंय कोणाला? कोपऱ्यावरचं तान्हंसुद्धा त्यावर झोपतं. अर्थ काय रे याचा?"

"मैत्री."

"एवढं लांब गाणं आणि अर्थ एवढाच?" ताईनं दोरा दातानं तोडला आणि खिडकीकडे हनुवटी केली. "बरं, ते बघ."

समोरच्या टेकडीवर आता कुंपण होतं. कुंपणामागे पत्र्याच्या खोल्या, आणि त्यांच्यावर एक प्रचंड पांढरं ताट, उभं, वरच्या आळीकडे तोंड करून.

"हवामान वर असतं ना रे?" ताईनं विचारलं. "मग हे आडवं का बघतं?"

"ताई, जरा हळू बोल."

"का? ऐकतंय म्हणून? ते मला माहितीये. दुपारच्या पाण्याला धार बारीक असते. गाणं संपतं आणि पोरांच्या हातातली माझी घागर अर्धीच राहते. परवा यंत्रावर बसल्या बसल्या म्हटलं, हे काही बरोबर नाही. कोणाला म्हटलं नव्हतं. आपली एकटीच, या खिडकीशी. काल दुपारी गाणं दोनदा वाजलं."

मसुदेकर खुर्चीवरून उठले. "योगायोग असेल."

"असेल. काल रात्री मी म्हटलं, घागरी ओढून ठेवायला त्या कुंडाची कड जरा उंच पडते. सकाळी दोन माणसं आली, पायरी बांधून गेली. चहा घ्या म्हटलं तर बोललीसुद्धा नाहीत."

मसुदेकर खिडकीपाशी गेले. ताट निश्चल होतं. त्यांची सगळी नोकरी मागण्या लिहिण्यात गेली होती, आणि एवढ्या काळात इतकं लक्ष देऊन ऐकणाऱ्या कोणाशीच त्यांची गाठ पडली नव्हती. खाली चढावर मधल्या आळीच्या बायका टँकरचं पाणी वाहत होत्या. त्यांच्या पायाखालून तो जाडजूड पाइप जात होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. ताई यंत्रावर टीप घालत होती. त्यांनी सदरा सारखा केला आणि घसा साफ केला.

"उपरोक्त विषयास अनुसरून," ते खिडकीतून म्हणाले, "मध्यम उंचीवरील रहिवाशांच्या मैत्रीविषयक आकांक्षा विचारात घेता, तसेच—"

यंत्राचं चाक थांबलं.

"अरे," ताई म्हणाली, "सरळ बोल."

मसुदेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाक्य त्यांना पाठ होतं, अनेक वर्षं पाठ होतं, पण ते नुसतं, अंगावर काही न घालता बाहेर काढायची सवय नव्हती.

"मधल्या आळीला," ते म्हणाले, आणि थांबले. "मधल्या आळीला नळ पाहिजे."

समोर काहीच हललं नाही.

"जरा मोठ्यानं," ताई पुन्हा चाकाला हात घालत म्हणाली. "मध्ये दरी आहे."